सहा वाजून वीस मिनिटांची प्रत

धाकटीने चोरीच्या प्रतीतलं चित्र पडद्यावर मोठं केलं, मग आणखी मोठं केलं. चित्रातल्या पलंगाकडे आणि त्यावरच्या दोघांकडे तिचं लक्षच नव्हतं. ती भिंतीवरच्या घड्याळाचे काटे शोधत होती.

संगणकावरचा हा खेळ प्रौढांसाठीचा होता आणि तीन वर्षं खपून तिने एकटीने तो केला होता. शुक्रवारी तो विक्रीला यायचा होता. आज मंगळवार, आणि सकाळपासून तो फुकट वाटला जात होता. आधीचे दोन्ही खेळ असेच चोरीला गेले होते. हाही गेला तर चौथा करायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि ते तिला स्वच्छ कळत होतं.

म्हणूनच तर असले खेळ करणाऱ्या-विकणाऱ्यांच्या ऑनलाइन मंडळात पंधरा दिवस भांडून तिने नियम करून घेतला होता. ज्याच्या नावची प्रत फुटेल त्याचं नाव पहिल्या पानावर, आणि तो कायमचा बाहेर, त्याचे खेळही तिथल्या विक्रीतून बाहेर. विरोध केला तो एकट्या बोक्याने. त्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. ‘उद्या घरच्याच माणसाकडून चूक झाली तर?’ असं त्याने विचारलं, तेव्हा ‘ज्याने त्याने आपलं घर सांभाळावं’ असं फटकारून तिने वाहवा मिळवली होती.

खेळ तपासायला तिने पाच जणांना प्रती दिल्या होत्या आणि प्रत्येकीतल्या घड्याळात वेगळी वेळ लावली होती. कोणाची कोणती, हे फक्त तिलाच माहीत. बोक्याची सव्वाअकरा.

मंडळ चालवणाऱ्या मास्तरांचा निरोप आला.

“बोक्याचीच ना? नुसतं हो म्हणा, दोन मिनिटांत नाव लावतो.”

काटे स्पष्ट झाले. सहा वाजून वीस मिनिटं.

पाचांपैकी ही कोणाचीच वेळ नव्हती. तिने मान वर केली. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ कित्येक महिने सहा-वीसला अडलं होतं. सेल बदलायला स्टुलावर कोण चढणार, यावरून दोघी बहिणींची टोलवाटोलवी चालायची. घरच्या प्रतीसाठी तिने तीच वेळ उचलली होती. आणि घरात तिच्याखेरीज फक्त ताई होती.

रागाच्या भरात तिने चित्राखालचा, खेळ वाटणाऱ्याने लिहिलेला मजकूर वाचलाच नव्हता. आता वाचला.

‘हे माझ्या धाकट्या बहिणीनं केलंय. तीन वर्षं पाठ मोडून बसलीय. कोणी बघतच नाही म्हणून रडते. एकदा बघा तरी, मग बोला.’

त्याखाली पहिलंच उत्तर बोक्याचं होतं. ‘कोणी उतरवून घेऊ नका. शुक्रवारी विकत घ्या.’

तिला रडू फुटलं. तोंडावर ओढणी धरून ती तशीच बसून राहिली. मग तिने ‘हो’ असं लिहिलं. बोक्यावर सगळ्यांचा संशय होताच, कोणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं. शुक्रवारही हाताशी राहिला असता. त्या एका अक्षराकडे ती बघत राहिली. मग तिने ते खोडलं.

“माझी. घरची प्रत.”

मास्तरांचं उत्तर आलं.

“पुन्हा एकदा विचार करा. नियम तुमचाच आहे.”

“म्हणूनच.”

थोड्या वेळाने मंडळाचं पान तिला आत घेईना.

दार वाजलं. ताई चष्म्याच्या दुकानातून जेवायला आली होती. धाकटीचे डोळे बघून ती चपला काढता काढताच थांबली.

“कळलं वाटतं तुला.”

“हो.”

“मी काही बघितलं नाही हं त्यातलं. चष्मा काढूनच चढवलं सगळं.” ताई जवळ येऊन हळूच टेकली. “बघितलं का पण कोणी?”

“तीन हजार लोकांनी.”

“अगं बाई. आवडलं का त्यांना?”

धाकटीने संगणक मिटला.

“आवडलं.”

“मी म्हणत नव्हते? आता शुक्रवारी रांग लागते की नाही बघ.”

ताई पदर खोचत उठली, स्टूल ओढून भिंतीशी नेलं आणि म्हणाली, “धर जरा. आज सेल घालूनच टाकते.”

धाकटीने उठून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.