पालट मागायची न्हाई

मी एक जुना कळक हाय, मित्रांनो. कळक म्हंजे जाडजूड बांबू. आता दवाखान्याच्या पडवीत टांगलोय आन् लोक माझ्यावर ओली धडुती वाळत घालत्यात. घालू द्यात. पर आदी माझं ऐका.

मेढ्याच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत मी वाढलो. आकारामतात्यानं मला तोडलं, चुलीवरच्या धुरात टांगलं, करंजीचं तेल पाजलं. मग दोन्ही टोकांस्नी घोंगडं बांधलं आन् माझी डोली झाली. वाडीला गाडीवाट न्हाई. अडलेली बाई असू दे, साप चावलेला गडी असू दे, खालच्या दवाखान्यात मीच न्यायचो. बाया मला हळदकुकू लावायच्या. पर धडधाकट मानसानं डोलीत बसायचं न्हाई. पोरगं खेळता खेळता बसलं, की पाठीत धपाटा!

डोली वाहायची एक रीत असती. दोघं खांद्याला, दोघं मोकळे. खांद्यावाल्यानं "दमलो" म्हनायचं न्हाई. मोकळ्यानं त्याच्या पायांकडं बघत चालायचं. पाय घासाय लागला, की मोकळ्यानंच वरडायचं, "पालट!" आन् चालता चालता खांदा द्यायचा. दमल्याला आपला दम कळत न्हाई, गड्यांनो. शेजारच्याला कळतो.

दवाखान्यात हरणाबाई नर्स व्हती. रहिमतपूरची. डोली टेकली, की पैलं नाव इचारायची, मग नाडी धरायची. "काय गं, कुनाची लेक तू?" निम्मं दुखनं तितंच पळायचं.

मग लढाई लागली. दागतर पलटनीत गेला. त्यातच एका श्रावनात पटकी आली. उलट्या, जुलाब, आन् मानूस सुकून काटकी. रोज डोल्या यायच्या. हरणाबाईचं आदी हसू गेलं. मग नाव इचारायचं गेलं. "दारातली", "खिडकीखालचा", असं बोलाया लागली. मला तर तिचा रागच यायचा.

एक दिस चंद्राबाईला उलट्या लागल्या. आकारामतात्याची सून ती. म्होरं तात्या, मागं तिचा नवरा जोतिबा, असं दोघांनी मला पळवत खाली आनलं.

हरणाबाईनं वळूनबी बघितलं न्हाई. "ठेवा तितं. जित्ती हाय का?"

जोतिबाचं टाळकं फिरलं. "मानूस हायसा का धोंडा? बायकू हाय ती माझी!"

"सगळ्या कुनाच्या ना कुनाच्या बायकाच असत्यात," ती म्हनली. आवाज कसा, तर रिकाम्या घागरीगत.

जोतिबानं मला घोंगड्यातनं उपसलं आन् तिच्यावर उगारलं. मीबी तापलोच व्हतो.

तात्यानं मला वरच्या वर धरलं. त्याची नजर बाईच्या तोंडाकडं नव्हतीच. पायांकडं व्हती. एका पायात चप्पल, दुसरा अनवानी, आन् तिला त्याचा पत्ता न्हाई. अनवानी पाय घासत व्हता.

"पालट!" तात्या वरडला.

जोतिबानं मला सोडलं.

"मला कोन पालटनार, तात्या?" हरणाबाई म्हनली. "कंपाउंडर नेमिनाथ सोताच पटकीनं आडवा पडलाय. सुई टोचाय येती का तुमास्नी?"

"सुई न्हाई येत. घान उपसाय येती. पानी उकळाय येतं, चमच्यानं पाजाय येतं. तुमी सुनंला सुई लावा. बाकीचं आमाकडं."

तिनं चंद्राबाईच्या हातात सुई घातली, मिठाच्या पान्याची बाटली टांगली. तवर तात्यानं मला पडवीच्या दोन खांबांमदी बांधलं आन् खाली सोताच्या खांद्यावरचं घोंगडं अडकवलं.

"बसा बाई."

"डोलीत? मी काय आजारी हाय?"

"व्हय," तात्या म्हनला.

ती वाईच उभीच राहिली. मग बसली, आन् हुंदके दिऊन रडली. रडता रडताच निजली. लय मानसं वाह्यली मी. हिचं वजन तर पोरीएवढं.

तात्यानं बादल्या उपसल्या. जोतिबा खाटंखाटंला चमच्यानं पानी पाजत फिरला. एका म्हाताऱ्यानं त्याच्या सदऱ्यावर भडाभडा वकलं, तवा ह्यो तापट गडी नुसता म्हनला, "आवं आजा, नवा हाय की सदरा!"

दिवस कलल्यावर हरणाबाई उठली. तशीच चंद्राबाईकडं गेली, नाडी धरली.

"नाव काय हिचं?"

"चंद्राबाई," जोतिबा खाली मान घालून म्हनला. "बाई, मगाशी मी..."

"पानी पाज आदी. काय गं चंद्रा, कुनाची लेक तू?"

चंद्राबाईचे व्हट हालले. आवाज न्हाई निघाला, पर हालले.

त्या दिसापासनं साथ सरंपातुर दर डोलीमागं एक गडी दवाखान्यात ऱ्हायचा. बाईला पालट द्याया.

मित्रांनो, तुमाला औषध देनारं मानूस कवा वसकन आंगावर आलं, तर त्याच्या तोंडाकडं बघू नगा. पायांकडं बघा. त्यानं पालट मागायची न्हाई, अशी रीत हाय. वरडायचं तुमी.

आन् ती ओली धडुती काढा की माझ्यावरनं. कोन कवा दमंल, काय सांगावं?