पाण्यानं दमलेला कढीपत्ता

मी कढीपत्ता बोलतोय. जरा जवळ या, अंगात त्राण नाही. रियाधमध्ये बत्हा नावाच्या कामगारवस्तीतल्या एका खोलीत, खिडकीपाशी, दह्याच्या रिकाम्या बादलीत माझा मुक्काम आहे.

माझं बी रत्नागिरीकडच्या मैमुनाच्या परसातलं. तिचा नवरा जमालुद्दीन इथे प्लंबर. निघताना तिनं ते ओल्या फडक्यात बांधून त्याच्या बॅगेत ठेवलं. "याला जगवा," एवढंच म्हणाली. मी उगवलो, वाढलो. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर जमाल आधी मला दाखवायचा, मग स्वतःचं तोंड.

खोलीत सहा जण, सगळ्यांच्या पाळ्या वेगळ्या. कामावर जाणारा मला पाणी घालायचा, येणाराही घालायचा. "वाळवंटात आलंय बिचारं!" अहो, वाळवंट बाहेर होतं, माझ्या पायाशी तळं साचलं होतं! पानं पिवळी पडली, तसे सगळे आणखीच ओतू लागले. शेजारच्या खाटेवरच्या उमैरनं तर उरलेला चहासुद्धा पाजला. मायेचाही वीट येतो हो.

पानं गळू लागली तसा जमाल घाबरला. मैमुनाला काय सांगणार? दोन शुक्रवार "नेटवर्क नाही" म्हणत त्यानं कॅमेराच बंद ठेवला.

शेवटी खोलीतल्याच विश्वनाथनं, साताऱ्याकडच्या फिटरनं, मातीत बोट खुपसलं, हुंगलं आणि नाक मुरडलं. "मुळं कुजलीत. काय जमालभाई, दिवसभर लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करता, आणि याच्या बादलीला एक भोक नाही?"

जमाल तडक उठला. ड्रिल आणून त्यानं भोकं पाडली. काळी, लिबलिबीत मुळं कापली, फांद्या छाटल्या आणि वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत मला बसवलं. बादलीवर चिठ्ठी लावली : 'पाणी फक्त जमाल घालणार.' दुखलं खूप, पण हायसं वाटलं.

त्या शुक्रवारी त्यानं माझं बोडकं खोड कॅमेऱ्यासमोर धरलं. "मैमुना, माझंच चुकलं गं."

ती म्हणाली, "त्याचं राहू द्या. कॅमेरा वर घ्या. दोन शुक्रवार तुमचं तोंड दिसलं नाही."

जमालचे डोळे भरले. एक थेंब माझ्या मातीत पडला. तेवढं पाणी मला चाललं.

परवा खोडावर बारीकसा कोंब आलाय. मी अजून थकलेलोच आहे. पण तिला काहीतरी हिरवं दिसावं, एवढीच इच्छा आहे. म्हणून विनवतो बाबांनो, तांब्या उचलण्याआधी मातीत बोट घालून बघा. मला थोडं तहानलेलं राहू द्या.