अडवलेली शिंक

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला चक्क आरशासमोर उभं करून शिंकायला शिकवलं. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी! तोंड आ वासून शिंकायचं, नाक शिंकरायचं नाही आणि मुख्य म्हणजे नाक दाबून शिंक अडवायची नाही. माझ्या वरच्या जबड्यातलं हाड झिजून कागदासारखं झालं होतं आणि त्याच्या लगेच वर नाकाची पोकळी. नव्या दाढांचे स्क्रू त्यात रुतणार कसे? म्हणून बाईंनी तिथे हाडाची कणी भरून टाके घातले. "पाच-सहा महिन्यांत पक्कं होईल," त्या म्हणाल्या. "पण तोवर आतून दाब आला, तर सगळं नाकातून बाहेर."

मी ट्रम्पेट वाजवतो. दाढा गेल्यापासून गालात वारा शिरायचा आणि सूर फाटायचा. वाद्य गेलं तर हा माणूस निव्वळ कटकट्या उरेल, असं बायकोचं मत. ते खरंही आहे. त्यामुळे तिचा खडा पहारा होता. मी शिंकलो की घर दणाणायचं आणि ती आतून ओरडायची, "शाब्बास!"

तिसऱ्या आठवड्यात तिच्या व्हायोलिनचं रेकॉर्डिंग होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे वाजवल्यावर पहिल्यांदाच एकटीचं. नोटेशनची पानं उलटायला मी शेजारी बसलो. शेवटच्या पानावर ती इतकी हलकी वाजवायला लागली, की मला श्वास घ्यायचीही चोरी झाली. नेमकं तेव्हाच नाक हुळहुळलं.

विचार करायला वेळच कुठे होता? कार्यक्रमात शिंक गिळायची सवय अंगात मुरलेली. हात आपोआप नाकाशी गेला, ओठ मिटले. गालाच्या आत काहीतरी फुटल्यासारखं झालं. तिचा शेवटचा सूर विरेपर्यंत मी हललो नाही.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. मी नाकाला रुमाल लावून बघितला. रक्तात पांढरे कण होते. बाईंनी भरलेली कणीच ती.

"अहो, कसं झालं?" बायको हसत वळली. मग तिला रुमाल दिसला.

"शिंक आली होती," मी कसंबसं म्हणालो. "तुझं शेवटचं पान चाललेलं, म्हणून..."

व्हायोलिनचा गज अजून तिच्या हातातच होता.

"अहो, मग शिंकायचं ना," ती म्हणाली. "मी परत वाजवलं असतं की."