केसभर खाली

ठिगळने पडद्यावरचा अकॉर्डियनचा ट्रॅक बंद केला आणि खोलीत आईचा आवाज एकटा उरला. मागे पियानो, बेस आणि बाकीची वाद्यं होती, पण ती आपली अदबीने, चार पावलं दूर उभी असल्यासारखी. त्याने गाणं मागे नेलं, अकॉर्डियन उघडला आणि पुन्हा लावलं. पहिल्याच ओळीत काहीतरी खटकलं. बंद केला, खटकणं गेलं. असं सात-आठ वेळा करून झाल्यावर तो खुर्ची मागे ढकलून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर एक बाई ट्रकमधून कपाट उतरवणाऱ्या दोघांना सूचना देत होती. दोघेही तिचं ऐकत नव्हते.

हल्लीची यंत्रं सूर नुसता ऐकवत नाहीत, डोळ्यांना दाखवतात. पडद्यावर प्रत्येक स्वराची एक आडवी रेघ उमटते. सूर बरोबर असेल तर रेघ आपल्या घरात बसते, नसेल तर वर चढते नाहीतर खाली उतरते. पियानोच्या रेघा घरात होत्या. बेसच्या होत्या, बाकीच्या वाद्यांच्याही होत्या. आईच्या तर अशा बसल्या होत्या की पट्टी लावून आखल्या असाव्यात. एकटा अकॉर्डियन पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत केसभर खाली होता.

आता केसभर म्हणजे असं किती? भाजी निवडता निवडता रेडिओ ऐकणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. पण ठिगळच्या घराने या केसभरावर चाळीस वर्षं काढली होती.

ठिगळचे वडील म्हणजे मास्तर. शहरातल्या मोठ्या हॉटेलात रोज संध्याकाळी त्यांचा बँड वाजायचा. ते स्वतः अकॉर्डियनवर आणि आई गायला. त्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली. ती रेकॉर्ड झाली त्या दिवशी काय घडलं, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. पहिल्या टेकला सूर जमेना. दुसऱ्याला जमेना. मास्तर आईला म्हणाले, तू चढतेयस. तिसऱ्या टेकनंतर त्यांनी अकॉर्डियन खाली ठेवला आणि नऊ वादकांसमोर सांगून टाकलं, "बस झालं. हिच्या गळ्यात नाही ते." तोच तिसरा टेक रेकॉर्डवर गेला. गाणं वर्षभर रेडिओवर वाजलं आणि लोकांना आवडलंही. लोकांना काय, चाल आवडली की झालं. आई मात्र त्यानंतर माइकसमोर उभी राहिली नाही. तिने टपाल कचेरीत नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत तिकिटं विकली. दोन मुलं वाढवली, पण त्यांना झोपवताना साधी गुणगुणलीही नाही. थोपटायची फक्त.

घराने त्याचा विनोद केला होता. घराला दुसरं काय जमतं? आई चिडली की मास्तर म्हणायचे, "चढली बघा!" आणि मुलं खिदळायची. ठिगळ सगळ्यांत मोठ्याने. पुढे नाव झाल्यावर एका वर्तमानपत्राने त्याला विचारलं होतं, असा कान तुम्हाला कोणाकडून मिळाला? तो म्हणाला होता, "वडिलांकडून. आईचा घेतला असता तर तुम्ही आज माझ्याकडे आलाच नसता." मुलाखत घेणारा पोट धरून हसला. आईने ते कात्रण कपाटात जपून ठेवलं होतं, मुलाचा फोटो छान आला होता म्हणून.

ते आठवून आता त्याला खिडकीशी उभ्या उभ्या लाज वाटली. नुसती वाटली असं नाही, कानशिलं तापली.

ठिगळ हे नावही वडिलांचीच देणगी. एकोणिसाव्या वर्षी त्याने दोन तबकड्या एकमेकींवर चालवून एका संथ वॉल्ट्झखाली ढोल घातला, तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्यांच्या गाण्यांना ठिगळं लावायची, याला संगीत म्हणतात?" त्याने ते नाव उचललं आणि पोस्टरवर छापलं. मग वीस वर्षं तो ठिगळंच लावत राहिला. ब्रास बँडला कापड गिरणीच्या मागांचा ठोका, प्रार्थनेच्या कोरसखाली नाचायचा बेस, कोणाची अंगाई, कोणाची सनई. त्याची रेकॉर्ड कुठल्या खणात ठेवायची हे दुकानदारांना कधी कळलं नाही, पण खण रिकामा व्हायचा. आता वीस वर्षांनिमित्त रेकॉर्ड कंपनी एक मोठा संग्रह काढणार होती आणि त्यासाठी एक जुनं गाणं त्याने स्वतः निवडायचं होतं. त्याने आईचं निवडलं. कंपनीने गोदाम धुंडाळून मूळ टेप काढून दिली, प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असलेली.

परवानगी मात्र मास्तरांची लागत होती. गाणं त्यांच्या नावावर होतं. महिन्यापूर्वी तो कागद घेऊन घरी गेला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला.

"सूर सरकवायची यंत्रं आहेत म्हणे तुमच्याकडे."

"आहेत, बाबा."

"मग तिचा तेवढा खाली घे. माझ्या नावावर बेसूर गाणं फिरतंय इतकी वर्षं. तेवढं करणार असशील तर सही करतो."

आई शेजारीच बसून पेपरातलं कोडं सोडवत होती. तिने पेन्सिलीने एक अक्षर लिहिलं, खोडलं आणि पुन्हा तेच लिहिलं. ठिगळ "बरं" म्हणाला होता. त्याला तेव्हा कुठे माहीत होतं?

खिडकीपासून परत येऊन त्याने ताईला फोन लावला. ताई त्या दिवशी आठ वर्षांची होती आणि रेकॉर्डिंगला कोपऱ्यात स्टुलावर बसलेली होती.

"ताई, आई त्या दिवशी चढली नव्हती."

"काय?"

"बाबांचा अकॉर्डियन उतरलेला होता. इथे समोर दिसतंय मला. पियानो, बेस, आई, सगळे एका सुरात. हे एकटेच खाली."

 मागे ताईकडे कुकरची शिट्टी झाली.

"बाबांना सांगणार आहेस?"

"काय करू?"

"अरे, ऐंशीचे झालेत ते. गुडघे गेले, डोळे गेले. कान तेवढा राहिलाय मिरवायला. तोही काढून घेणार?"

"आणि आईचं काय?"

"ते तू मला विचारू नकोस," ताई म्हणाली. "मी पण हसायचे रे."

फोन ठेवल्यावर तो पडद्यासमोर बसून राहिला. काम खरं तर दोन मिनिटांचं होतं. एक तर आईच्या रेघा ओढून खाली, अकॉर्डियनशी नेऊन ठेवायच्या. सही त्याच बोलीवर झाली होती. नाहीतर अकॉर्डियन उचलून आईशी आणायचा. सही मोडायची की आई, एवढाच प्रश्न. दोन मिनिटांच्या त्या कामाला त्याने चार दिवस लावले. पाचव्या दिवशी त्याने अकॉर्डियन उचलला. आईचा एकही स्वर हलवला नाही. बाबांना वाटेल हिचाच सूर खाली आणला, आई आहे तशीच राहील आणि कोणाला काही सांगायची वेळ येणार नाही. हा भित्रेपणा आहे हे त्याला पक्कं कळत होतं. पण अशी तडजोड सुचली याचं त्याला थोडं बरंही वाटलं.

शनिवारी सकाळी दहा वाजता दोघं आले. आई या स्टुडिओत पहिल्यांदाच येत होती. जिना चढून दमलेल्या मास्तरांना तिने मधल्या खुर्चीत बसवलं आणि आपण मागे दाराजवळच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन बसली. भिंतींवर लावलेला स्पंज तिने बोटाने दाबून पाहिला.

"धूळ बसत असेल की रे यात."

"बसते."

"मग झाडतं कोण?"

"कोणी नाही," ठिगळ म्हणाला. आईने मान हलवली. तिला वाटलंच होतं.

त्याने गाणं लावलं. आधी गिरणीच्या मागांचा मंद ठोका आला, त्यावर पियानो, मग आई. छत्तीस वर्षांची आई. मास्तर मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते. पहिलं कडवं संपलं तसे ते समाधानाने म्हणाले, "हं. आता बसला हिचा सूर."

ठिगळने मागे बघायचं टाळलं. समोरच्या काचेत त्याला आई दिसली. तिने पर्सची चेन उघडली, आत पाहिलं आणि लावून टाकली. आत्ताच्या आत्ता गाणं बंद करून ओरडून सांगावं असं त्याला वाटलं, पण वीस वर्षं हजारो लोकांना नाचवणारा हा माणूस नुसता बटणांवर हात ठेवून बसला.

मग अकॉर्डियनचा तुकडा आला. मास्तरांची उजवी बोटं मांडीवर आपोआप चालू लागली. चार-पाच सुरांनंतर ती थांबली. त्यांनी डोळे उघडले.

"थांबव."

त्याने थांबवलं.

"परत लाव. इथूनच."

त्याने परत लावलं. या वेळी मास्तर पुढे वाकून ऐकत होते, एक कान स्पीकरकडे करून, जसे ते नवीन वादकाची परीक्षा घेताना ऐकायचे. तुकडा संपल्यावर त्यांनी हात वर केला.

"कोणाकडून वाजवून घेतलास हा?"

"कोणाकडून नाही. तुमचाच आहे, बाबा."

"माझा नाही."

"खरंच तुमचाच. मूळ टेपवरचा."

"चौदा वर्षं खांद्यावर वागवला मी तो," मास्तर म्हणाले. "पियानोशी भांडायचा. हा गोडीगुलाबीने चाललाय. माझा नाही हा. माझा उतरलेला होता."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. ते खुर्चीत मागे टेकले नाहीत, वळलेही नाहीत. खोली आवाज अडवण्यासाठीच बांधलेली होती, त्यामुळे बाहेरचं काहीही मदतीला आलं नाही.

"कधी कळलं तुम्हाला?" आईने मागून विचारलं.

"दुसऱ्या टेकला."

"आणि तिसऱ्याला ते बोललात."

"नऊ माणसं होती समोर. मी मास्तर होतो."

"मीही होते तिथे," आई म्हणाली.

 आई उठली, पर्स बाकावर ठेवून पुढे आली आणि ठिगळच्या खुर्चीमागे उभी राहिली. पडद्यावरच्या रेघा तिने चष्मा कपाळावर सरकवून पाहिल्या.

"यात मी कुठली?"

त्याने बोट ठेवून दाखवलं. "ही. हिरवी."

"ही सरळ दिसते. तू केलीस सरळ?"

"नाही, आई. हात नाही लावला मी तुझ्या आवाजाला. ही तुझीच आहे."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत." तो खुर्चीतच मागे वळला. "एक सूरही चुकलेला नाही तुझा. आई, मी त्या मुलाखतीत..."

"बरं, बरं," आई म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. मग बराच वेळ ती त्या हिरव्या रेघेकडे बघत राहिली. रडली नाही. टपाल कचेरीत बावीस वर्षं वजनकाट्याकडे बघत असेल तसं, नीट, आकडा वाचून घेत बघितलं.

"यांचा अकॉर्डियन तू वर उचललास ना? तो खाली ने. होता तिथे."

"आई, मग ते कानाला खटकेल."

"खटकू दे."

"अगं, लोकांना कळेल," मास्तर म्हणाले. इतक्या वेळात पहिल्यांदाच ते तिच्याकडे वळले होते.

"कळू दे की. चाळीस वर्षं माझं कळलं, आता तुमचं कळू दे."

ती हे रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर मास्तरांना काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटसुलट करून पाहिले, नखं पाहिली, अंगठ्यावरचा जुना घट्टा पाहिला. ठिगळने अकॉर्डियनचा ट्रॅक निवडला आणि वडिलांकडे बघत थांबला. परवानगीचा कागद फायलीत होता आणि त्यावरची अट त्यांचीच होती.

"कव्हरवर वादकांची नावं घालणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अकॉर्डियनपुढे कोणाचं?"

"तुमचं घातलंय. म्हणजे, नको असेल तर..."

"पूर्ण नाव घाल," मास्तर म्हणाले. "मास्तर नको लिहूस."

ठिगळने रेघा खाली नेल्या. आई मास्तरांच्या शेजारची खुर्ची ओढून घेऊन बसली, आणि त्याने गाणं पहिल्यापासून लावलं.