पांढऱ्या पाटीचा हट्ट

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पाटी आहे, वीतभर लांब आणि वीतभर रुंद. माझ्यावर कुणी अक्षरं गिरवत नाही, आणि गिरवायला आलं तर मी गिरवू देणार नाही. परभणीतल्या एका शेती-प्रयोगशाळेत मी बारा वर्षं राबतेय. "म्हातारी झाली" असं कुणी म्हटलं की माझा पारा चढतो.

माझं काम ऐका. तुमचा डोळा पानाला नुसतं हिरवं म्हणतो आणि गप्प बसतो. आमचं यंत्र पानावरून परतणाऱ्या उजेडाच्या शेकडो बारीक पट्ट्या मोजतं, डोळ्याला न दिसणाऱ्यासुद्धा. उपग्रह आभाळातून पिकाची तब्येत ओळखतो तो याच विद्येवर. पण ऊन पडलं किती हे ठाऊक नसेल, तर परतलं किती याला काय अर्थ? मी अंगावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड परत करते. म्हणून यंत्र आधी मला बघतं, मग पानाला माझ्याशी ताडून बघतं.

यंदा खंडेनवमीला घोटाळा झाला. झाडलोट करणाऱ्या बायनाबाईंनी विळ्या-खुरप्यांबरोबर यंत्राची पूजा केली आणि माझ्यावरही हळदीकुंकवाची बोटं ओढली. "औजार हाय ना ते बी? मंग त्याला सोडायचं व्हय?" त्यांची माया खरी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पदराने पुसलं. डाग पुसट झाला, गेला नाही.

त्याच आठवड्यात संशोधन करणारी मंजुषा आणि तिचे आदिनाथ सर मला घेऊन वालूरला भुजंगरावांच्या तुरीत गेले. यंत्राने झाडून सगळी तूर आजारी ठरवली. हळदीमुळे मीच उजेड कमी परतवत होते, म्हणून माझ्यापुढे पानं वाजवीपेक्षा उजळ, म्हणजे फिकी दिसत होती. मी आतल्या आत जळत होते, पण पाटीला वाचा कुठली!

"रोग शेजारच्या रानात जायच्या आत सगळी तूर उपटा," सर म्हणाले.

"सर, कळी धरायलीय की तुरीला," भुजंगराव काकुळतीला आले. "घरचं वर्षाचं वरण हाय ते. हिरवं झाड उपटू कसं?"

मंजुषाने बांधावरच्या रुईवर यंत्र धरलं. रुईही आजारी! रुईला रोग झालेला कधी कुणी ऐकलाय का? तिने मला उन्हात तिरपं धरलं आणि तिला पिवळी झाक दिसली.

"पाटी बाद झाली, भंगारात टाका," सर म्हणाले. "तूर आजारी असल्याचा अहवाल मात्र मी लिहिलाय, तो आजच जाईल. थांबलो तर रोग पसरेल."

"मग माझ्या सहीशिवाय जाईल, सर. मी न्हाई करणार सही."

तिने मला स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरलं आणि बारीक पॉलिश पेपरने घासलं. कातडी सोलल्यासारखं झालं, पण पिवळी झाक गेली. मला वाळवून तिने पुन्हा मोजणी केली. पाणी साचलेल्या कोपऱ्यातली चार-सहा झाडं सोडली तर तूर ठणठणीत होती. सरांनी आकडे दोनदा बघितले आणि अहवाल फाडला. भुजंगराव कोपऱ्यातलं पाणी काढायला गेले.

मित्रांनो, मला तुमची कीव नको. मला डब्यात ठेवा, बोटं लावू नका, मळले तर कितीही दुखलं तरी घासा. झिजून कागदाएवढी पातळ झाले तरी मी खोटी साक्ष देणार नाही. पण मला माखून ठेवाल आणि माझ्याच नावावर कुणाचं उभं पीक उपटाल, तर ते पाप तुमचं.