तज्ज्ञ हवा

बावीस वर्षं या पेपरात काढली आहेत मी. त्यामुळे आमच्या वृत्तसंपादकाने, ज्याला आम्ही सगळे कात्री म्हणतो, मान वर न करता "तज्ज्ञ कुठाय?" असं विचारलं, तेव्हा मी खुर्ची ओढून भांडायच्या तयारीतच बसले.

बातमी सरळ होती. पूर्वेकडच्या मोठ्या टाकीतलं पाणी नऊ दिवस तपासणीत नापास होत होतं आणि पाणीपुरवठ्याचे साहेब रोज 'पिण्यास योग्य' म्हणून सही ठोकत होते. त्या टाकीवर तीन शाळा आणि एक बाळंतपणाचं हॉस्पिटल. सांगणारी बाई तिथल्याच प्रयोगशाळेतली. नऊही दिवसांचे कागद तिने माझ्या हातात ठेवले होते.

"कागद ठीक आहेत," कात्री म्हणाला. "पण बोलतंय कोण? तू लिहिलंयस, 'प्रयोगशाळेतील एका महिलेने सांगितले'. उद्या साहेब म्हणतील, असेल कुणी बाटल्या धुणारी. की बातमीचं वाटोळं. एखादा तज्ज्ञ गाठ. पाचव्या पानावर त्याची चौकट टाकू आणि खाली चार गृहिणींच्या प्रतिक्रिया घे."

गृहिणींच्या प्रतिक्रिया म्हटल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या पेपरात भाव वाढले की पुरुष विश्लेषण करतात आणि बायका हळहळतात. किती वर्षं चालायचं हे? चांगलं सुनावलं त्याला. त्याने निमूट ऐकून घेतलं, कारण त्याला सवय आहे, आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेचार वाजून गेले होते.

झक मारत मी निवृत्त इंजिनिअरसाहेबांना फोन लावला. पाण्याचं काही निघालं की आमच्याकडे तेच. त्यांचा फोटो तर आमच्या संगणकात मुक्कामालाच असतो.

"मला कशाला विचारताय?" ते म्हणाले. "मी आयुष्यभर पाइप टाकले. पाण्यात काय आहे ते प्रयोगशाळेत एकच बाई आहेत ना, त्यांना विचारा की. मुख्य रसायनतज्ज्ञ आहेत त्या तिथल्या."

मी फोन ठेवला आणि वही उघडली. त्या बाईंच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'लॅबमधली बाई'. आदल्या पानावर दुसऱ्याच बातमीतले एक गृहस्थ होते. त्यांचं पूर्ण नाव, शिक्षण, हुद्दा, इतकंच काय, कितव्या मजल्यावर बसतात तेही. सकाळी मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा ती नळाखाली बाटल्या विसळत होती. मी तिला ताई म्हटलं, मुलं किती ते विचारलं आणि हुद्दा विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. दर बैठकीत याच विषयावर घसा कोरडा करणारी मी. लाज वाटली. खरंच लाज वाटली.

"ताई," मी तिला फोनवर म्हटलं, "तुम्ही मुख्य रसायनतज्ज्ञ आहात, हे सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, दारावरची पाटी वाचली असेल."

म्हणजे पाटीही होती. मी जीभ चावली.

"पण मग बाटल्या तुम्ही का धूत होतात?"

"नमुन्याच्या बाटल्यांना मी कुणाला हात लावू देत नाही, मॅडम. म्हणून तर साहेबांना माझे आकडे खोटे म्हणता येत नाहीत. नुसते दाबता येतात."

मग मी आडपडदा न ठेवता सांगितलं. नुसतं 'एका महिलेने' असं छापलं तर तिची नोकरी वाचेल, पण साहेब बातमी हसण्यावारी नेतील आणि लोक ते पाणी पीत राहतील. नाव आणि हुद्दा छापला तर लोक ऐकतील, पण साहेब तिला पाण्यात पाहतील.

"नऊ दिवस झाले, पाण्यातच पाहतायत," ती म्हणाली. "आमचे मिस्टर म्हणतात, आपल्या पोरीला शाळेत उकळलेलं पाणी देतेस ना, मग बस झालं."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"तिच्या वर्गात अजून एकोणचाळीस मुलं आहेत. छापा सगळं."

मी बातमी बदलून कात्रीपुढे ठेवली. "तज्ज्ञ पहिल्याच ओळीत आहे," म्हटलं. त्याने दोनदा वाचली, चौकट उडवली आणि बातमी पाचव्या पानावरून उचलून पहिल्यावर नेली. "आता डोकं खाऊ नकोस," म्हणाला. म्हणजे पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी पत्रकारांना बोलावलं. पाणी शुद्ध आहे, अर्धवट माहितीवर विश्वास ठेवू नका, वगैरे सुरू झालं. एका चॅनेलच्या पोरीने विचारलं, "आज पाण्यात क्लोरीन किती आहे?" साहेबांनी कागद चाळले. मग उपअभियंत्याकडे पाहिलं. उपअभियंत्याने छताकडे पाहिलं.

"शून्य," मागून आवाज आला. "सकाळी सातचा नमुना."

ती दारात उभी होती, पांढरा कोट घालूनच आलेली.

"तुम्हाला बोलायची परवानगी कुणी दिली?" साहेब कडाडले.

"नऊ दिवस लेखी मागतेय, साहेब. आज नाही मागितली."

टेबलावरचे माइक उचलून सगळे तिच्याकडे धावले. साहेबांसमोर नुसता पाण्याचा ग्लास उरला. तिने दहा मिनिटांत सगळं समजावलं. क्लोरीनचं यंत्र कधी बंद पडलं, नमुन्यात काय सापडलं, आज कुणी काय करायचं. हातात चिठोरंही नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की लिहायचंच राहिलं, नंतर त्या चॅनेलच्या पोरीकडून उतरवून घेतलं. साहेबांची तेवढ्यात ततपप सुरू झाली होती. शेवटी त्यांनीच फोन उचलला आणि बारा वाजून दहा मिनिटांनी टाकी बंद झाली.

संध्याकाळी साडेपाचला तिने मला एका कागदाचा फोटो पाठवला. बदलीचा आदेश होता. शहराबाहेरच्या गोदामात, तात्काळ. हिला मीच खड्ड्यात घातलं, असं वाटलं. फोन लावायला घेतला, तोच तिचा मेसेज आला.

"ही घ्या उद्याची बातमी. साहेबांची सही नीट दिसतेय ना?"