तिसरी तऱ्हा

बायको गोजाबाई गेल्यावर तिच्या भातलावणीच्या गाण्यांच्या कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा बाळारामांनी पुतण्याला गळ घातली. मुकेश आसनगावला राहायचा, मुंबईत एका ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथं भंगारात निघालेला सर्व्हर त्यानं मुरबाडला काकांच्या घरी आणला.

"तीन डिस्क हायत काका. गाणं तुकडे करून तिघींवर पसरलं तर फास्ट, पण एक मेली की सगळं गेलं. आरशासारखं ठेवलं तर दोघींवर तेच ते, जागा फुकट जाते. तिसरी तऱ्हा म्हणजे तुकडे आन् सोबत त्यांचा हिशेब. कुठलीपण एक मेली तरी राहिलेल्या दोघी तिचं सांगतात."

वाचनालयात जन्म गेलेल्या बाळारामांना स्वतःचा कुठलाच निर्णय बरोबर वाटत नसे. तरी ते म्हणाले, "तिसरी."

गाणी भरताना त्यांनी एवढंच कापायला लावलं: गाण्याआधी गोजाबाई थांबायची, यांच्याकडे बघायची, मग हे म्हणायचे, "म्हण गो." टेपवरच्या आपल्या आवाजाची त्यांना लाज वाटली होती.

२००५च्या हिवाळ्यात एक डिस्क टकटक करत मेली. गाणी वाजत राहिली, पण प्रत्येक गाण्याआधी यंत्र क्षणभर अडखळू लागलं. त्या शांततेत बाळारामांना तिचं थांबणं ऐकू आलं. ते कुजबुजले, "म्हण गो." आणि ती गायला लागली.

मुकेशला त्यांनी कळवलंच नाही. संक्रांतीनंतर तो सहज आला आणि डोक्याला हात लावून बसला.

"आता दुसरी गेली असती तर काकी गेली असती, काका."

त्यानं नवी डिस्क बसवली. दुपारभर जुन्या दोघी घरघरत तिला सगळं सांगत राहिल्या.

"निभावलं," मुकेश म्हणाला. "बाजारातनं कोऱ्या सीड्या आणतो, एक कॉपी बाहेर पायजे. तवर हात लावू नका."

तो गेला तसं बाळारामांनी गाणं लावलं. आवाज लगेच आला. 'म्हण' तोंडातच राहिलं. दुसरं लावलं, तेही तसंच. रेडिओवरची बाई गाते तशी ती गात होती, कोणासाठीच नाही.

धोका त्यांना पाठ होता. तरी त्यांनी नवी डिस्क बाहेर ओढली. यंत्र किंचाळलं, मग गप्प झालं.

"म्हण गो," ते म्हणाले.

मुकेश परतला तेव्हा गाणं सुरू झालं नव्हतं. जुन्या डिस्कपैकी एकीतून नुसती टकटक येत होती.

"काय केलं तुमी काका?"

बाळारामांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांब रे जरा. ती बघतेय माझ्याकडं."